त्वचेतून शिरणारे विष : ॲनिलीनची ओळख, धोके आणि दक्षता

रसायन उद्योगात तयार होणारे काही पदार्थ ग्राहकाच्या हाती कधीच पडत नाहीत. एका कारखान्यातून ते पिंपांत किंवा टँकरमध्ये भरून निघतात, दुसऱ्या कारखान्यात त्यांचे रूपांतर होते आणि बाजारात येतो तो निराळाच पदार्थ. अशा पदार्थांना मध्यस्थ रसायने असे म्हटले जाते. रंगीत कापड, वेदनाशामक गोळी, वाहनाचा टायर किंवा फोमची गादी आपल्या परिचयाची असते. परंतु त्या वस्तूच्या निर्मितीत मधल्या पायरीवर कोणते रसायन होते, हे सामान्य नागरिकास ठाऊक नसते. एरवी ते ठाऊक असण्याचे कारणही नसते. मात्र हेच रसायन आपल्या रस्त्यांवरून वाहून नेले जाते, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपकिरी बाटलीत असते आणि त्याचे रिकामे पिंप कधी कधी भंगाराच्या वाटेने एखाद्या घराच्या अंगणात येऊन पोहोचते. अशा वेळी त्याची माहिती शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे ठरते.

ॲनिलीन हे या वर्गातील एक प्रमुख रसायन होय. त्याचा विचार स्वतंत्रपणे करण्यास एक विशेष कारण आहे. तीव्र आम्ल अंगावर पडले तर तत्काळ आग होते आणि मनुष्य आपण होऊन पाण्याकडे धावतो. ॲनिलीन अंगावर पडले तर तसे घडत नाही. तेलाचे चार थेंब सांडावेत एवढेच वाटते. कामगार हात फडक्याला पुसतो, ओली विजार तशीच अंगावर ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्याच वेळी ते द्रव्य त्वचेतून रक्तात उतरत असते. परिणाम दिसू लागतो तो काही तासांनी, पुष्कळदा घरी परतल्यावर. वेदना नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत या रसायनाच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकते. प्रस्तुत लेखाचा सर्व भर याच एका मुद्द्यावर आहे.

निळीपासून मिळालेले नाव

ॲनिलीन हे नाव परके वाटले तरी त्याचे मूळ आपल्याच भूमीत आहे. संस्कृतातील ‘नील’ हा शब्द फारसी-अरबी मार्गाने पश्चिमेकडे गेला, अरबीत तो ‘अन्-नील’ झाला आणि पोर्तुगीज भाषेत ‘अनिल’ या रूपाने निळीचा वाचक ठरला. १८२६ मध्ये ओटो उन्फरडॉर्बेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निळीचे ऊर्ध्वपातन करून हे द्रव्य प्रथम मिळविले. पुढे रुंगे याने १८३४ मध्ये ते दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळे केले. रशियातील झिनीन याने १८४२ मध्ये नायट्रोबेंझिनपासून ते तयार केले. निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे हे सर्व पदार्थ एकच आहेत, असे हॉफमन याने १८४३ मध्ये दाखवून दिले.

१८५६ मध्ये लंडन येथे अवघ्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किन याने क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत अशुद्ध ॲनिलीनपासून जांभळा रंग मिळविला आणि कृत्रिम रंगांच्या उद्योगाचा पाया घातला गेला. त्याच शतकाच्या अखेरीस, १८९७ मध्ये, जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीच्या शेतीचा बाजार ढासळू लागला. पुढे ही कृत्रिम नीळ खुद्द ॲनिलीनपासूनच मोठ्या प्रमाणावर बनू लागली. ज्या वनस्पतीने या रसायनाला नाव दिले, तिचीच जागा अखेर या रसायनाने घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

महाराष्ट्राचा या रसायनाशी जुना संबंध आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या केंद्र शासनाच्या कंपनीचा प्रकल्प तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात उभा राहिला आणि त्या ठिकाणाला ‘रसायनी’ हेच नाव रूढ झाले. नायट्रोबेंझिन व ॲनिलीन ही तेथील प्रमुख उत्पादने होती. २०१७ मध्ये तेथील तोट्यातील संयंत्रे बंद करण्यास केंद्र शासनाने मंजुरी दिली. तथापि तारापूर, महाड, रोहा, लोटे परशुराम, कुरकुंभ यांसारख्या औद्योगिक क्षेत्रांत रंग, औषधे व अन्य रसायने यांचे कारखाने आहेत आणि ॲनिलीनसारख्या मध्यस्थ रसायनांवाचून या उद्योगांचे चालत नाही. आज जगात तयार होणाऱ्या ॲनिलीनचा सर्वांत मोठा वाटा पॉलियुरेथेन फोमसाठी लागणाऱ्या रसायनाकडे जातो. त्याखालोखाल रबर टिकाऊ करणारी द्रव्ये, रंग, औषधे आणि कीटकनाशके यांचा क्रम लागतो.

द्रव्याची ओळख

शुद्ध ॲनिलीन हा रंगहीन, तेलकट द्रव आहे. हवा व प्रकाश यांच्या संपर्कात तो पिवळसर आणि पुढे तपकिरी होतो. म्हणूनच प्रयोगशाळेतील जुन्या बाटलीतील द्रव गडद दिसतो. त्याला मासळीसारखा, काहीसा कुजकट वास असतो. तो १८४ अंश सेल्सिअसला उकळतो आणि उणे ६ अंशांना गोठतो. पाण्यापेक्षा तो किंचित जड आहे. एक लिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम एवढाच तो विरघळतो. अल्कोहोलमध्ये मात्र सहज मिसळतो. सुमारे ७० अंशांपुढे तापविल्यास त्याची वाफ पेट घेऊ शकते. ही वाफ हवेच्या तिपटीहून अधिक जड असल्याने खड्ड्यांत, गटारांत व तळघरांत साचते. आगीत सापडल्यास त्यातून नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे बाहेर पडतात.

कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या पाळीत हवेतील ॲनिलीनचे सरासरी प्रमाण दशलक्ष भागांत २ भागांहून अधिक नसावे, असा दंडक आहे. या आकड्यापुढे ‘त्वचा’ असा शेराही जोडलेला असतो. त्याचा अर्थ असा की, हवा स्वच्छ असली तरी त्वचेवाटे होणारी बाधा स्वतंत्रपणे टाळली पाहिजे. हा शेरा पुष्कळदा वाचलाच जात नाही. हवेचे मोजमाप समाधानकारक आहे म्हणून हातमोजे न वापरणारा कामगार सुरक्षित नसतो.

रक्तावर होणारा परिणाम

आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनमध्ये लोह असते आणि या लोहाच्या आधारे ते प्राणवायू वाहून नेते. ॲनिलीन शरीरात शिरल्यावर यकृतात त्याचे फेनिलहायड्रॉक्सिलअमाइन या द्रव्यात रूपांतर होते. हे द्रव्य हीमोग्लोबिनमधील लोहाची अवस्था बदलून टाकते. बदललेल्या हीमोग्लोबिनला मेथेमोग्लोबिन म्हणतात. त्याला प्राणवायू धरता येत नाही. शिवाय उरलेले चांगले हीमोग्लोबिनही आपल्याजवळचा प्राणवायू पेशींना सहजासहजी सोडत नाही. फुप्फुसे व हृदय धडधाकट असूनही शरीर प्राणवायूवाचून आतल्या आत गुदमरू लागते.

निरोगी माणसाच्या रक्तात मेथेमोग्लोबिन शेकडा एकच्या आसपास असते आणि शरीर ते पूर्ववत करीत असते. हे प्रमाण शेकडा १० ते १५ च्या वर गेले की ओठ, नखे व कानांच्या पाळ्या निळसर-राखाडी दिसू लागतात. शेकडा २० ते ३० च्या पुढे डोकेदुखी, चक्कर, थकवा, धाप व छातीत धडधड ही लक्षणे दिसतात. निम्म्याहून अधिक हीमोग्लोबिन निकामी झाल्यास गुंगी येते, झटके येतात, आणि शेकडा ७० च्या पुढे मृत्यूची शक्यता असते. मोठी बाधा झालेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी पुढील काही दिवसांत फुटून पंडुरोगही होऊ शकतो. म्हणून निळेपणा ओसरला तरी रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवावे लागते. डोळ्यांत थेंब उडाल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

दीर्घकालीन परिणामांचा इतिहास सावधपणे वाचला पाहिजे. १८९५ मध्ये फ्रँकफुर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंग कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळतो, असे दाखविले आणि ‘ॲनिलीन कर्करोग’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढील संशोधनात त्याचा मुख्य दोष बेंझिडीन व बीटा-नॅफ्थिलअमाइन या सहचारी रसायनांकडे जातो, असे सिद्ध झाले. तथापि ॲनिलीन त्यामुळे निर्दोष ठरले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२० मध्ये फेरविचार करून मानवात बहुधा कर्करोगकारक ठरणाऱ्या पदार्थांच्या वर्गात त्याचा समावेश केला.

जुन्या घटनांतून मिळालेले धडे

त्वचेतून होणाऱ्या विषबाधेची पहिली ठळक नोंद कारखान्यातील नाही. १८८६ मध्ये लंडन येथे नवजात बालके अकस्मात निळी पडू लागल्याचे आढळले. शोध घेता असे दिसले की, बाळांच्या दुपट्यांवर संस्थेचे नाव छापण्यासाठी वापरलेल्या शाईत ॲनिलीन होते आणि नवी छपाई केलेली दुपटी न धुताच वापरली गेली होती. एका छापाएवढी शाई बाळाच्या कोवळ्या त्वचेतून रक्तापर्यंत पोहोचली. बुटांना ॲनिलीनयुक्त काळा रंग देऊन ते पुरते वाळण्यापूर्वीच घातल्याने माणसे निळी पडल्याच्या घटनाही विसाव्या शतकाच्या आरंभी नोंदल्या गेल्या. कातडे हे द्रव्य शोषून घेते आणि पायाच्या उबेने ते सावकाश त्वचेत उतरविते.

औषधांच्या इतिहासातील एक उदाहरण शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगे आहे. ॲनिलीनपासून तयार होणारे ॲसिटॅनिलाइड हे द्रव्य १८८६ मध्ये तापावरील औषध म्हणून प्रचारात आले. त्याने ताप उतरे, पण काही रुग्ण निळे पडत. त्याचे कारण १९४८ मध्ये ब्रोडी व ॲक्सेलरॉड या अमेरिकन संशोधकांनी उलगडले. शरीरात या औषधाचे दोन मार्गांनी रूपांतर होते. एका मार्गाने पॅरासिटामॉल तयार होते व त्यानेच आराम पडतो. दुसऱ्या मार्गाने थोडे ॲनिलीन सुटे होते व ते रक्त बिघडविते. गुणकारी भाग वेगळा ओळखता आला म्हणून आज पॅरासिटामॉल सुरक्षितपणे वापरता येते. पदार्थाचा धोका नेमका कोठे आहे हे कळणे, हीच सुरक्षिततेची पहिली पायरी असते.

तिसरी घटना स्पेनमधील आहे. १९८१ मध्ये त्या देशात औद्योगिक वापरासाठी आणलेल्या मोहरीवर्गीय तेलात, ते खाण्यात येऊ नये या हेतूने, ॲनिलीन मिसळण्यात आले होते. काही व्यापाऱ्यांनी ते तेल शुद्ध करण्याचा खटाटोप करून खाद्यतेल म्हणून विकले. सुमारे २०,००० लोक आजारी पडले आणि ३०० हून अधिक दगावले. तो आजार ॲनिलीनच्या नेहमीच्या विषबाधेपेक्षा निराळा होता व ॲनिलीनशी संयोग पावलेल्या तेलातील द्रव्यांवर संशय व्यक्त झाला. परंतु औद्योगिक माल स्वयंपाकघराच्या वाटेला लागला की काय होते, याचा तो पुरावा आहे.

निदानातील चूक टाळावी

समजा, एक तरुण दिवसभर पिंपे उतरविण्याचे काम करून संध्याकाळी घरी आला. डोके दुखते म्हणून तो आडवा झाला. घरच्यांना त्याचे ओठ काळेनिळे दिसले. कोणी म्हणेल ऊन लागले, कोणी म्हणेल हृदयाचा विकार, कोणी दारूचा संशय घेईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला असता आकडा शेकडा ८५ च्या आसपास येतो. प्राणवायू दिला तरी तो हलत नाही आणि निळेपणाही कमी होत नाही.

येथे दोन गोष्टी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्मरणात ठेवाव्यात. मेथेमोग्लोबिन वाढलेले असताना साधा ऑक्सिमीटर खरा आकडा दाखवीत नाही. बाधा कितीही गंभीर असली तरी तो शेकडा ८५ च्या आसपासच घोटाळत राहतो. त्यामुळे त्या आकड्यावर विसंबून ‘स्थिती मध्यम आहे’ असा निष्कर्ष काढू नये. दुसरे, अशा रुग्णाच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या गाळणकागदावर ठेवल्यास तो चॉकलेटसारखा तपकिरी दिसतो आणि हवेत ठेवूनही लाल होत नाही. ही खूण कोणत्याही यंत्राविना पाहता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुग्ण काय काम करतो, आज कोणता माल हाताळला, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे.

या विकारावर मेथिलीन ब्ल्यू हे औषध उपलब्ध आहे. वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे १ ते २ मिलिग्रॅम या प्रमाणात ते शिरेवाटे सावकाश दिले जाते व पुष्कळदा तासाभरात रंग पालटतो. मात्र हे औषध डॉक्टरांनीच द्यावयाचे आहे. काही व्यक्तींच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. आपल्याकडील काही आदिवासी समाजांत ही उणीव अधिक आढळते. अशा व्यक्तीला मेथिलीन ब्ल्यू दिल्यास रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. रासायनिक औद्योगिक क्षेत्रानजीकच्या रुग्णालयांत हे औषध साठ्यात आहे किंवा नाही, याची खातरजमा वर्षातून एकदा तरी व्हावयास हवी.

ग्रामीण भागात निळेपणाचे आणखी एक कारण संभवते. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढल्यास वरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांना हाच विकार होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. कारण निराळे असले तरी रक्तातील बिघाड एकच, हे आरोग्य सेविकांना सांगून ठेवणे हितावह आहे.

प्रथमोपचार

पहिली दहा मिनिटे सर्वाधिक मोलाची असतात. लक्षणांची वाट न पाहता पुढील क्रम पाळावा.

१. बाधित व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे. मदत करणाऱ्याने उघड्या हातांनी भिजलेल्या कपड्यांना स्पर्श करू नये.

२. भिजलेले सर्व कपडे, मोजे, पादत्राणे व पट्टा तत्काळ उतरवावा. लाजेपोटी किंवा संकोचापोटी एक मिनिटही दवडू नये.

३. साबण व भरपूर पाण्याने सर्व अंग धुवावे. नखांच्या खाली, कानांमागे, केसांत व सांध्यांच्या घड्यांत विशेष लक्ष द्यावे. पाणी साधे किंवा कोमट असावे. गरम पाण्याने त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो व विष अधिक शोषले जाते.

४. डोळ्यांत थेंब गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत.

५. पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. दूध, तेल, तूप पाजू नये. दुधाने विष उतरते ही समजूत निराधार आहे. मद्य तर मुळीच देऊ नये. त्याने बाधा वाढते.

६. व्यक्तीला बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्यावे व रसायनाच्या नावाची चिठ्ठी किंवा वेष्टनावरील मजकूर सोबत द्यावा. लक्षणे काही तास उशिरा दिसू शकतात, म्हणून रुग्णाला एकटे घरी पाठवू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकाचा उपयोग करावा.

भिजलेले कपडे घरी धुण्यास नेऊ नयेत. कातडी पादत्राणे व पट्टे धुऊन स्वच्छ होत नाहीत. ते घातक कचऱ्यात टाकून द्यावेत.

प्रयोगशाळेतील दक्षता

उच्च माध्यमिक व महाविद्यालयीन स्तरावर ॲसिटॅनिलाइड तयार करणे, तसेच अमाइन ओळखण्याची रंगचाचणी यांसाठी ॲनिलीन वापरले जाते. प्रयोग वगळणे हा उपाय नव्हे. भावी तंत्रज्ञाने सुरक्षित सवय येथेच शिकावयाची असते. मात्र चाचणीसाठी दोन-चार थेंब पुरतात हे विद्यार्थ्यांना दाखवून द्यावे आणि बाटली टेबलावर न फिरवता शिक्षकाने किंवा प्रयोगशाळा साहाय्यकाने ड्रॉपरने मोजून द्रव द्यावा. तोंडाने पिपेट ओढण्याची जुनी रीत पूर्णतः बंद व्हावी. काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात करावे. ते नसल्यास खिडक्या उघड्या ठेवून, हवेचा झोत विद्यार्थ्यांपासून दूर जाईल अशा जागी करावे. चष्मा, सुती कोट व बंद पादत्राणे आवश्यक होत.

हातमोज्यांविषयी गैरसमज आहे. दवाखान्यातील पातळ रबरी मोजे ॲनिलीन फार काळ अडवू शकत नाहीत. आत शिरलेला द्रव मोज्याखाली अडकून उलट अधिक शोषला जातो. पिंपे किंवा मोठ्या बाटल्या हाताळताना ब्युटाइल रबराचे मोजे वापरावेत. प्रयोगशाळेतील अल्प कामासाठी पातळ मोजे घातले असतील तर थेंब पडताच ते काढून टाकावेत व हात धुवावेत.

साठवणुकीत सर्वांत गंभीर चूक म्हणजे ॲनिलीनची बाटली नायट्रिक आम्लाशेजारी ठेवणे. ॲनिलीन व धूम्रयुक्त नायट्रिक आम्ल एकत्र येताच ठिणगीवाचून पेट घेतात. १९४० च्या दशकात अमेरिकेतील अग्निबाणांत याच गुणाचा इंधन म्हणून उपयोग केला गेला. जे मिश्रण अग्निबाण उडविते, ते शाळेच्या एका फळीवर शेजारी शेजारी असणे किती अनुचित आहे, हे निराळे सांगावयास नको. वर्णानुक्रमे बाटल्या मांडण्याची पद्धत अशा वेळी घात करते. मांडणी रसायनांच्या स्वभावानुसार असावी. रंगचाचणीत तयार होणारा डायाझोनियम क्षार बर्फात, ० ते ५ अंशांत ठेवावा आणि तो कधीही वाळू देऊ नये. कोरड्या अवस्थेत तो स्फोट पावू शकतो.

उरलेले ॲनिलीन मोरीत ओतू नये. जलचरांना ते अत्यंत घातक आहे. ते नाव लिहिलेल्या बंद बाटलीत जमा करून प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या यंत्रणेकडे सोपवावे.

वाहतूक, गळती आणि रिकामी पिंपे

घातक माल वाहणाऱ्या वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांन्वये बंधनकारक आहे. त्यावर रसायनाचे नाव, संयुक्त राष्ट्र क्रमांक, धोक्याचे चिन्ह व संपर्काचा दूरध्वनी असतो. ॲनिलीनचा क्रमांक १५४७ असून ते विषारी पदार्थांच्या ६.१ या वर्गात मोडते. टँकर उलटल्यास गावकऱ्यांनी मदतीसाठी धाव घेणे स्वाभाविक आहे. परंतु आधी दूर उभे राहून फलकावरील क्रमांक वाचावा, तो ११२ क्रमांकावर कळवावा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूस राहावे. सांडलेला द्रव डब्यांत भरून नेण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. ओघ नाल्याकडे किंवा विहिरीकडे जात असल्यास, सुरक्षित अंतरावरून मातीचा किंवा वाळूचा बांध घालता आला तर घालावा. धुऊन काढण्याचे काम मात्र प्रशिक्षित पथकाचे आहे.

रिकाम्या पिंपांचा प्रश्न याहून नित्याचा आहे. पाणीटंचाईच्या दिवसांत निळे प्लास्टिकचे किंवा लोखंडी पिंप स्वस्तात मिळाले, तर ते पाणी किंवा धान्य साठविण्यासाठी घेतले जाते. ‘तीन वेळा धुतले, आता वास येत नाही’ असे विक्रेता सांगतो. वास गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. प्लास्टिकच्या भिंतीत मुरलेले द्रव्य हळूहळू पाण्यात उतरू शकते. घातक रसायनाने दूषित झालेले रिकामे पिंप हाच २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते अधिकृत यंत्रणेखेरीज कोणास विकणे नियमबाह्य ठरते. ग्रामसभेत हा विषय एकदा मांडला गेला, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

कायदा आणि पंचायतीचे स्थान

भोपाळ येथे १९८४ च्या डिसेंबरमध्ये ज्या मेथिल आयसोसायनेटने हजारोंचे प्राण घेतले, तेही एक मध्यस्थ रसायनच होते. भोवतालच्या वस्तीला त्याचे नाव माहीत नव्हते, ओला कपडा तोंडावर धरावा एवढी साधी सूचनाही त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला व परिसरातील जनतेला देण्याचे बंधन भोगवटादारावर घालण्यात आले. १९८९ मध्ये घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम आले आणि १९९६ मध्ये रासायनिक अपघातांविषयीचे नियम.

या १९९६ च्या नियमांत पंचायत सदस्यांनी लक्षात घ्यावी अशी तरतूद आहे. प्रत्येक औद्योगिक टापूसाठी स्थानिक संकट गट असावा, असे त्यात सांगितले आहे. या गटात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, गटविकास अधिकारी, पोलीस, डॉक्टर यांच्यासमवेत सरपंच किंवा समाजातील एका पुढाऱ्यास स्थान आहे. स्थानिक आपत्कालीन योजना तयार करणे, परिसरातील लोकांना शिक्षित करणे, दर सहा महिन्यांतून एकदा पूर्ण स्वरूपाची रंगीत तालीम घेणे आणि नागरिकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे ही गटाची कर्तव्ये आहेत. आपल्या भागाचा गट कोणता, त्याची शेवटची बैठक केव्हा झाली, आपल्या गावाच्या दोन किलोमीटरच्या परिघात कोणती रसायने साठविली जातात, हे प्रश्न विचारणे म्हणजे उद्योगाला विरोध करणे नव्हे. नियमांनीच नागरिकांना दिलेला तो अधिकार आहे. शिक्षकांनी या कामी साहाय्य केल्यास रसायनांची नावे व चिन्हे गावकऱ्यांना सोप्या भाषेत समजतील.

ॲनिलीनवाचून आजचा उद्योग चालणार नाही आणि योग्य दक्षता घेतल्यास ते सुरक्षितपणे हाताळताही येते. जगभरातील असंख्य कामगार ते रोज हाताळीत आहेत. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री प्रत्येक वेळी लागते असेही नाही. वाचता येईल असे लेबल, साबण, पुरेसे पाणी, बदलण्यासाठी कोरडे कपडे आणि ‘दुखत नसले तरी धुवावयाचे’ हा शिरस्ता, एवढी साधने कोणत्याही कारखान्याला, महाविद्यालयाला व गावाला परवडणारी आहेत. कामावरून परतलेल्या माणसाचे ओठ निळे दिसले तर घरच्यांनी त्याला झोपू न देता रुग्णालयाची वाट धरावी आणि जाताना त्याने हाताळलेल्या मालाचे नाव सोबत न्यावे, एवढी जाणीव घरोघरी पोहोचली तरी या माहितीचे सार्थक होईल.